पुण्याची म्हणून आणलेली सून

माझ्या लग्नात माझ्या मामांनी माझ्या आईला फसवलं. पाहुणेमंडळी आजही हसत हसत सांगतात, की सासऱ्यांनी मला फसवलं आणि मामांनी सासऱ्यांना. ते खरं नाही. मी जन्मभर माल हातात घेऊन, उजेडात धरून घेतला. तो एकच व्यवहार डोळे झाकून केला, आणि एवढा फायदा मला दुसऱ्या कुठल्याच व्यवहारात झाला नाही. नुकसान झालं ते एकट्या आईचं. तिला तर कुणी मध्ये घेतलंच नव्हतं.

आमचं गाव अक्कलकोटच्या बाजूला. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि तेही आमच्या तिकडचं, हाय-न्हायचं. सातवीपर्यंत शिकलो. वडील गेल्यावर आई मला घेऊन सोलापुरात तिच्या भावाकडे आली. मामा गिरणीत कारकून. पांढरा शर्ट, खिशाला पेन, साहेबांशी बोलताना एकेक शब्द निवडून टाकणारे. त्यांनीच ओळखीच्या यंत्रमागवाल्याकडून मला डागी टॉवेलांचं पहिलं गाठोडं उधारीवर मिळवून दिलं. डागी म्हणजे विणताना दोरा तुटलेला, कडेला डाग पडलेला माल. तो मी सायकलीला बांधून गावोगावच्या बाजारात विकला. सहा वर्षांत भवानी पेठेत दहा फुटांचं दुकान घेतलं. शिक्षण नाही, ओळख नाही. भांडवल म्हणजे तोंड. मागवाल्यांशी मोडकंतोडकं तेलुगू, गाडीवाल्यांशी दखनी, दक्षिणेकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि बाकी सगळ्यांशी आपलं रांगडं मराठी. रागही लवकर यायचा. एकदा मोजायचा गज एकाच्या पायाशी आपटून त्याचे दोन तुकडे केले. पण सौदा मोडून उठलेलं गिऱ्हाईक मी कोपऱ्यावरून परत बोलावून आणत असे, ते बोलण्याच्याच जोरावर.

हे बोलणं पहिल्यांदा पुण्यात मला टोचलं. चादरींचा नमुना घेऊन एका मोठ्या कापडाच्या दुकानात गेलो होतो. गठ्ठा पाठीवर होता. म्हणालो, "शेट, माल हितं सोडू का आत आणू?" गादीवरचा एक नोकर दुसऱ्याकडे वळून म्हणाला, "हितं सोडा, हितं." दोघं हसले. मालकांनीही मिशीत हसून घेतलं. माल त्यांनी घेतला, मी सांगितलेल्या भावात घेतला. पण परतीच्या एसटीत शेजारच्या माणसानं गाव विचारलं तर मी उत्तर दिलं नाही. तोंड उघडलं की काहीतरी सांडेल असं वाटत होतं. बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं होत आली होती तेव्हा.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून सांगतो, घरात पुण्याची पोरगी आण. तू सुधारणार नाहीस, पोरं तरी नीट बोलतील."

त्याच सुमारास आई न्हाणीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ते नीट सांधलंच नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ तिची खाट टाकली. दोन्ही बाजूंना तेलुगू बोलणाऱ्या पद्मसाळी विणकरांची घरं, दिवसभर मागांचा खडखडाट, बायकासुद्धा कांड्या भरण्यात गुंतलेल्या. पेठेत कन्नड बोलणारी माणसं पुष्कळ होती, पण खाटेवरच्या म्हातारीजवळ दिवसा कोण येऊन बसणार? सकाळी दूधवाली यायची, ती आमच्याच तिकडची. दूध मापून होईपर्यंत जे काय बोलणं होईल तेवढंच. मग मी रात्री जेवायला येईपर्यंत आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असे.

म्हणून सून आणायची ठरली तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "रूप नको, देणंघेणं नको. माझ्याशी बोलणारी आण."

मामांनी पुण्याचं स्थळ आणलं. सासरे सरकारी कचेरीत, मूळचे आपल्याच भागातले, पण पुण्यात पंधरा-वीस वर्षं. मामा आईच्या खाटेवर बसून म्हणाले, "अक्का, पोरगी सोन्यासारखी आहे. फक्त पुण्यात वाढली, त्यामुळे कन्नड येत नाही. शिकेल हळूहळू."

आई म्हणाली, "ती शिकेपर्यंत मी असेन का रे?"

मामा हसले. मीही हसलो, हे लिहायला पाहिजे.

मुलगी बघायला गेलो तेव्हा एसटीत मामांनी मला बजावलं. "तू तिथं तोंड उघडायचं नाही. मी सांगितलंय मुलगा मॅट्रिक आहे. काही विचारलं तर हसायचं. फारच झालं तर 'हो' म्हणायचं."

"व्हय."

"व्हय नव्हे! हो. म्हण."

"हो."

हडपसर येईपर्यंत मी 'हो' घोकत होतो. तिथं सासूबाईंनी विचारलं, "चहात साखर कमी आहे का?" मी म्हणालो, "हो." साखर मुळात जास्त होती. त्यांनी वरून दोन चमचे घातली, आणि तो पाक मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. मुलगीसुद्धा मान खाली घालून 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली. मला वाटलं, शहरातली सुसंस्कृत माणसं कमीच बोलत असतील.

लग्न पुण्यातच मोजक्या माणसांत झालं. गावाकडचं कुणी सासऱ्यांनी बोलावलं नव्हतं. आणि आमच्या घरात एक विचित्र काळ सुरू झाला.

ती म्हणायची, "आपण आता भोजन करणार आहात का?" मी म्हणायचो, "हो. मी हातपाय धुऊन येतो." ती म्हणायची, "पाणी तापवून ठेवले आहे." मी म्हणायचो, "आभारी आहे." टपाल कचेरीतल्या खिडकीच्या आतला माणूस आणि बाहेरचा माणूस बोलतात तसे आम्ही नवरा-बायको बोलत होतो. दिवसभर दुकानात घसा फाडायचा आणि घराच्या पायरीवर खाकरून तो आत ठेवायचा. रागसुद्धा मला घरात आणता येईना, कारण शुद्ध भाषेत रागवायचं कसं ते मला माहीत नव्हतं.

आई खाटेवरून बघायची. एक दिवस कन्नडमध्ये म्हणाली, "तू घरात आलास की फौजदाराशी बोलल्यासारखा का बोलतोस?"

मी म्हणालो, "हळू. ती ऐकेल."

"ऐकू दे. तिला काय कळतंय?"

आईला बाजारापुरतं मराठी येत होतं, पण सुनेसमोर तिनं तेही बंद केलं. हसेल म्हणायची. पाणी हवं असलं तर बोटानं खूण करायची. आणि खूण करायच्या आत पेला तिच्या हातात असायचा. आई नुसतं पुटपुटायची, कन्नडमध्ये, की घसा सुकला बाई. आणि सून पाणी घेऊन उभी. मी डोळे मिटून बोटांनी टॉवेलातला तुटका दोरा सांगणारा माणूस. मला वाटलं, किती हुशार मुलगी आहे!

सकाळी दूधवालीपुढे आई मन मोकळं करायची, सुनेच्या देखत. "सून कसली, गोंबी आणलीय माझ्या भावानं." गोंबी म्हणजे बाहुली. "भाकरी चांगली थापते. पण तोंडात जीभ आहे की नाही, देवाला ठाऊक."

दूधवाली म्हणायची, "पुण्यात जीभ ठेवून आली असेल, आजी. पार्सलनं येईल."

दोघी खोखो हसायच्या. सून पातेलं धरून उभी असायची, डोळे दुधावर. दर सोमवारी मामा देवळातून येताना डोकवायचे, आईच्या पायाशी अर्धा तास बसायचे, चहा प्यायचे. आई त्यांना म्हणायची, "दिवस जात नाही रे." ते म्हणायचे, "जाईल, अक्का."

असे सात महिने गेले.

मग टॉवेलांच्या कडा घरीच शिवून घ्याव्यात म्हणून जुनं शिलाई मशीन घ्यायचं ठरलं. तिला येत होतं, म्हणून तिलाच बरोबर नेलं. बाजारात एक मिस्त्री जुनी मशिनं दुरुस्त करून विकायचा. माझी त्याची जुनी ओळख, म्हणजे जुनी भांडणं. त्यानं मला बघितलं आणि बाह्या सरसावल्या.

मी म्हणालो, "या यंत्राची योग्य ती किंमत सांगावी."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "शेट, तब्येत बरी हाय ना? ताप-बिप?"

मी डोळ्यांनी खूण केली, बायको आहे म्हणून. त्या गड्याला एका क्षणात सगळं कळलं. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. म्हणालो, "ही किंमत थोडी अधिक वाटते."

"अधिक?" तो गालात हसत म्हणाला. "तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसानं घासाघीस करायची, शोभतंय का साहेब?"

आजवर त्यानं मला साहेब म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडात आमच्या बाजारातल्या दहा शिव्या रांग लावून उभ्या होत्या, आणि मी त्या गिळत होतो. पाकिटाकडे हात गेला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवो, ह्ये मशीन हाय का पोराचं खेळनं? पायडल बगा की, कसं लटलटतंय! पट्टा चार ठिकानी शिवल्याला, आनि म्हनं नव्यावानी. नवं असं आस्तंय व्हय?"

मी वळून बघितलं. तिथं दुसरं कुणी नव्हतं. ती पदर खोचून खाली बसली होती आणि चाक फिरवून बघत होती.

मिस्त्री म्हणाला, "ताई, पट्टा बदलून देतो की."

"पट्टा द्याल, शटल कोन देनार? त्ये झिजलंय. माझ्या आज्जीकडं मशीन हुतं, मला नका शिकवू." आणि ताडकन उठून माझी बाही ओढत म्हणाली, "ब्याड्री. नडीरी." नको हो, चला.

खणखणीत कन्नड होतं ते. गावच्या विहिरीवर ऐकावं तसं. आणि ती खरंच चालायला लागली. गिऱ्हाइकानं पाठ फिरवायची नेमकी वेळ कुठली, हे शिकायला मला चार वर्षं लागली होती. मिस्त्री मागून ओरडला, "ओ ताई, थांबा की! कायकू गुस्सा?" मग तिनं आणि मी मिळून त्याला असा धरला की शेवटी त्यानं कान पकडले. निम्म्या भावात मशीन दिलं, पट्टा नवा घातला, वर म्हणाला, "शेट, पुढच्या वेळी एकटेच येत जावा."

मशीन हातगाडीवर चढवलं आणि रस्त्यातच माझा राग बाहेर पडला. सात महिन्यांचा साठलेला, आणि आमच्याच भाषेत.

"तू कन्नड बोलतीस?"

"व्हय."

"आनि पुनं?"

"पुनं म्या चारच म्हैनं बगितलंय. आज्जी वारली, मंग बाबांनी नेलं. तोवर हितंच हुते, अक्कलकोटाच्या पल्याड. तितल्या शेजारच्या बाईंनी असं सुद्द बोलायला शिकवलं. कन्नडचा शब्द काढलास तर सासरचे परत पाठवतील म्हनून बाबांनी गळ्याची शपत घातली."

"म्हंजी मला फसवलं!"

"आनि तुमी? मॅट्रिक?"

मी थांबलो. हातगाडीवालाही थांबला. त्याला पुढचं ऐकायचं होतं.

"सातवी," मी म्हणालो.

"मला दिसतंच हुतं. पेपर वाचताना तुमचं ओठ हालत्यात."

हातगाडीवाला आधी हसला. मग ती. मला कितीतरी वेळ हसू आलं नाही, आणि आलं तेव्हा रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. लग्नाला सात महिने झाले होते आणि मी बायकोचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो. तिला तिच्या बाबांनी लाज वाटायला शिकवलं, मला पुण्याच्या दुकानातल्या हसण्यानं. ती पुण्याची म्हणून मी घाबरून, मी मॅट्रिक म्हणून ती घाबरून. पुण्याचं तर त्यात दोघांकडेही काही नव्हतं.

घरी आलो. ती चपला काढून सरळ आईच्या खाटेशी गेली, खाली बसली आणि कन्नडमध्ये, सासूला हाक मारतात तशी हाक मारून म्हणाली, "अत्ती, आमटीत मीठ जास्त झालं की उद्यापासून दूधवालीला सांगू नका. मला सांगा."

आईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पदर तोंडावर ओढून घेतला. पदराच्या आतून आवाज आला, "सगळं कळत होतं?"

"सगळं."

"गोंबीसुद्धा?"

"गोंबीसुद्धा."

"अगं, मग उलटून बोलायचं नाहीस का?" आई ओरडली. आणि तिच्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवत रडायला लागली. कुठलं गाव, आज्जी कुठल्या घरातली, विहीर देवळाच्या अलीकडे की पलीकडे, प्रश्न संपेनात. मध्येच उठून तिनं तव्यावर टाकलेली भाकरी करपली, तिचा वास बाहेरपर्यंत आला, पण दोघींनाही तो आला नाही. मी आत जाऊन तवा उतरवला. करपलेली भाकरी त्या दिवशी मीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दूधवाली आली तेव्हा सुनेनंच तिला कन्नडमध्ये सांगितलं, "पार्सल आलं बरं का." त्या बाईच्या हातून माप निसटलं.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं कुठल्या बाजारातही होत नसेल. आई तिला गाणी सांगायची, माझे लहानपणचे वांडपणे सांगायची, माझ्यावर कसं चिडायचं ते शिकवायची. ते ती फार चांगलं शिकली. मी दुपारी जेवायला घरी यायला लागलो, दोघींची भांडणं ऐकायला. आई भिंतीकडे तोंड करायची थांबली. मग थंडीत तिच्या छातीत कफ साठला आणि आठ दिवसांत ती गेली. शेवटी माझ्याकडे नाही, सुनेकडे बघत काहीतरी बोलत होती. काय ते बायकोनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तेराव्यानंतर बायको एकदाच बोलली. "सात म्हैनं मी त्यांच्या उशाशी मुकी बसले."

मी त्या दोन महिन्यांचे उपकार मानतो. त्या मिस्त्रीचे मानतो, त्यानं लुटायचा प्रयत्न केला नसता तर ते दोन महिनेही मिळाले नसते. बायकोचे तर रोज. तिनं मला माझं बोलणं परत दिलं. नंतर पुण्याच्या त्याच दुकानात मी गेलो आणि पायरीवरूनच ओरडलो, "माल हितंच सोडतो, शेट!" नोकर पुन्हा हसले. त्या वेळी मीही हसलो, आणि भाव वाढवून घेतला. आमची मुलं कन्नड बोलतात, मराठी दोन्ही तऱ्हेचं बोलतात, आणि कुणासमोर काय बोलायचं याचा विचार करत नाहीत. सासऱ्यांवर माझा राग नाही. कचेरीत त्यांना वीस वर्षं हसले असतील, त्यांनी आपल्या लेकीला त्यातून वाचवायला बघितलं. आईचं काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं.

पण गेल्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत मामा रंगात आले. पंच्याऐंशीच्या घरात आहेत, आवाज अजून खडा आहे. शेजारच्याला सांगत होते, "हिला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो. तिच्या आज्जीच्या अंगणात मी पाय न धुता शिरलो, तर कन्नडमध्ये काय शिव्या दिल्या होत्या पोरीनं! पुणंबिणं सगळं माझं आणि तिच्या बापाचं ठरवून." माणसं हसली.

तीन दिवस बायकोला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. म्हणाली, "असू द्या हो. म्हातारं मानूस हाय." पण विळी तिनं बाजूला सारली आणि ती भाजी त्या दिवशी झाली नाही.

मामा, तुमच्या त्या पहिल्या गाठोड्यावर मी उभा राहिलो. हे मी कुठंही, कुणाच्याही समोर सांगतो, आणि त्यासाठी तुमच्या पाया पडतो, पुढंही पडेन. ही बायको मला तुमच्यामुळे मिळाली, तेही कबूल. मी स्वतः घरात राहून आंधळा होतो, त्याचं उत्तर मी रोज देतो. पण मला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत होतं. सात महिन्यांतले तीस सोमवार तुम्ही माझ्या आईच्या पायाशी बसलात. दिवस जात नाही म्हणून ती तुम्हालाच सांगत होती, आणि तिच्या भाषेचं माणूस चार हातांवर तुमचाच चहा गाळत होतं. एक शब्द पुरला असता. या सोमवारी घरी या, माझ्या बायकोसमोर बसा आणि सांगा. तुमची सख्खी अक्का होती ती. का बोलला नाहीत?